विरळ वस्तीचा मुलूख : वैनगंगेच्या खालच्या अंगाचा गडचिरोली जिल्हा

वैनगंगेचे जे पाणी भंडारा शहरावरून वाहत जाते ते पुढे कोठे जाते, असे गावच्या शाळेतील मुलास विचारले असता तो ‘समुद्रास’ असे उत्तर देतो. हे उत्तर खोटे नाही. परंतु समुद्र गाठण्यापूर्वी हे पाणी एका अशा मुलखाच्या कडेने जाते की ज्याच्यासारखा विरळ वस्तीचा जिल्हा साऱ्या महाराष्ट्रात दुसरा नाही. तो मुलूख म्हणजे गडचिरोली जिल्हा होय. लाखांदूरच्या बाजूने वडसा फार दूर नाही. आपल्याकडील कितीतरी कुटुंबांचे सोयरसंबंध तिकडे आहेत, व शिक्षक, कारकून, परिचारिका म्हणून कोणी ना कोणी तिकडे नोकरीस असतेच. असे असूनही त्या मुलखाविषयी आपले ज्ञान बहुधा ‘जंगल आहे’ या दोन शब्दांतच संपते. सबब या पाठात त्या मुलखाची जमीन, तेथील माणसे व तेथील वस्तीचा आकडा यांचा क्रमाने विचार करू.

१. वस्तीची दाटी म्हणजे काय

एखाद्या मुलखात माणसे दाट आहेत की विरळ, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवू नये. त्याकरिता दोन आकडे लागतात. एक तेथील एकंदर माणसांचा व दुसरा तेथील जमिनीच्या क्षेत्रफळाचा. माणसांच्या आकड्यास क्षेत्रफळाने भागिले म्हणजे एका चौरस किलोमीटरमागे किती माणसे पडतात ते कळते. यासच वस्तीची दाटी किंवा घनता म्हणतात. चौरस किलोमीटर म्हणजे एक किलोमीटर लांब व एक किलोमीटर रुंद असा जमिनीचा तुकडा. त्यात सुमारे २४७ एकर जमीन मावते.

माणसांचा आकडा खानेसुमारीवरून घ्यावयाचा असतो. आपल्या देशात १८८१ सालापासून दर दहा वर्षांनी खानेसुमारी होत आली. २०२१ साली व्हावयाची खानेसुमारी त्या वर्षी झाली नाही, ती पुढे गेली. म्हणून या पाठातील आकडे २०११ सालचे आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता दोन जिल्हे शेजारी शेजारी मांडून पाहू. भंडारा जिल्ह्याचे क्षेत्रफळ ४,०८७ चौरस किलोमीटर व लोकसंख्या १२,००,३३४. म्हणजे दाटी २९४. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर व लोकसंख्या १०,७२,९४२. म्हणजे दाटी ७४. साडेतीनपट मोठ्या जमिनीवर आपल्यापेक्षा सव्वा लाखाहून अधिक माणसे कमी, असा हा हिशेब आहे. साऱ्या महाराष्ट्राची दाटी ३६५ आहे. गडचिरोलीच्या खालोखाल विरळ वस्तीचा जिल्हा म्हणजे कोकणातील सिंधुदुर्ग. पण त्याचीही दाटी १६३ आहे, म्हणजे गडचिरोलीच्या दुपटीहून अधिक.

२. मुलखाची ओळख

गडचिरोली हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. त्यापूर्वी तो चांदा जिल्ह्याचा पूर्वभाग होता. त्याच्या उत्तरेस आपला गोंदियाकडील प्रदेश, पश्चिमेस चंद्रपूर जिल्हा, पूर्वेस छत्तीसगड व दक्षिणेस तेलंगण आहे. उत्तर-दक्षिण लांबी दोनशे किलोमीटरांहून अधिक आहे. त्यात बारा तालुके आहेत : देसाईगंज ऊर्फ वडसा, आरमोरी, कुरखेडा, कोरची, धानोरा, गडचिरोली, चामोर्शी, मुलचेरा, अहेरी, एटापल्ली, भामरागड व सिरोंचा.

या जिल्ह्याच्या सीमा पुष्कळ ठिकाणी नद्यांनीच आखिल्या आहेत. शिवनी जिल्ह्यात उगम पावलेली वैनगंगा बालाघाट, गोंदिया व भंडारा येथून येऊन या जिल्ह्याच्या पश्चिम कडेने वाहते. पुढे तिला वर्धा नदी मिळते व दोघींच्या संगमानंतर त्या प्रवाहास प्राणहिता असे नाव पडते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. पूर्वेकडून, बस्तरच्या डोंगराळ मुलखातून, इंद्रावती येते व जिल्ह्याच्या आग्नेय टोकाशी तीही गोदावरीत पडते. भामरागड येथे इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतम अशा तीन नद्या एकत्र होतात.

जमिनीचे दोन भाग स्पष्ट दिसतात. पश्चिमेचा, म्हणजे वैनगंगेच्या काठचा पट्टा सखल व सुपीक आहे. वडसा, आरमोरी व चामोर्शी या भागांत धानाच्या बांध्या, बोड्या व तलाव आपल्याकडच्यासारखेच दिसतात. पूर्वेचा भाग मात्र डोंगराळ आहे. टिपागड, पलसगड, सुरजागड व भामरागड या नावांचे डोंगर तिकडे आहेत व त्यांवर साग, बांबू, तेंदू व मोह यांचे रान आहे. आलापल्लीचा साग तर दूरवर नावाजलेला आहे. जिल्ह्याच्या जमिनीपैकी शेकडा ७६ च्या आसपास जमीन सरकारदप्तरी वन म्हणून नोंदलेली आहे. मोठी वस्ती पश्चिमेच्या पट्ट्यात एकवटली असून पूर्वेच्या डोंगरात ती फारच पातळ होत जाते. यावरून ७४ हा आकडा साऱ्या जिल्ह्याची सरासरी होय, प्रत्येक तालुक्याचा आकडा नव्हे, हे समजावे.

३. वाळवंट व रान

जगात विरळ वस्तीचे जे मुलूख आहेत त्यांपैकी पुष्कळ वाळवंटी आहेत. आपल्या देशात राजस्थानातील जैसलमेर जिल्हा हे त्याचे ठळक उदाहरण. त्याचे क्षेत्रफळ ३८,४०१ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे भंडाऱ्यासारखे नऊ जिल्हे त्यात मावतील. परंतु २०११ साली तेथील लोकसंख्या ६,६९,९१९ इतकीच होती. दाटी केवळ १७. कारण उघड आहे. तेथे वर्षाकाठी पाऊस सात-आठ इंचच पडतो.

आणखी पश्चिमेस मिसर देशाचा दक्षिण सीनाय प्रांत पाहा. सुमारे ३१ हजार चौरस किलोमीटरांच्या त्या प्रांतात २०१७ च्या खानेसुमारीत सुमारे एक लाख माणसे आढळली. म्हणजे चौरस किलोमीटरमागे अवघी तीन! येथे पवित्र शास्त्राच्या वाचकांकरिता एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. इस्राएल लोकांच्या प्रवासाच्या वृत्तांतात मराठी भाषांतरकारांनी ‘रान’ व ‘अरण्य’ हे शब्द योजिले आहेत. आपल्याकडील श्रोत्याच्या मनापुढे त्या शब्दांनी साग, मोह व बांबू यांची दाट झाडी उभी राहते. वास्तविक तो मुलूख उघड्या खडकांचा, वाळूचा व तुरळक झुडपांचा आहे. तेथे हिरवळ पाहिली म्हणजे जवळ पाणी आहे असे समजावे. पाण्याकरिता लोकांनी केलेली कुरकुर, विहिरींवरून होणारी भांडणे, या गोष्टी कोरड्या मुलखाचे चित्र डोळ्यांपुढे आणल्यावाचून नीट समजत नाहीत.

आता नवलाची गोष्ट अशी की, राजस्थानातील बिकानेर हा वाळवंटी जिल्हा व आपले हिरवेगार गडचिरोली यांची दाटी जवळजवळ सारखी आहे. बिकानेरची ७८ व गडचिरोलीची ७४. गडचिरोलीत पाऊस वर्षाकाठी पन्नास इंचांच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही अधिक पडतो, व बारमाही नद्या तिच्या सीमेवरून वाहतात. बिकानेरच्या मोठ्या भागात मात्र १९५८ साली काम सुरू झालेल्या कालव्याने, ज्यास पुढे इंदिरा गांधी कालवा हे नाव मिळाले, पाणी पोहोचविले तेव्हा शेती वाढली. तेव्हा पाणी नाही म्हणून वस्ती नाही, हे एकच कारण पुरेसे नाही. पाणी असूनही वस्ती विरळ राहते, याचे कारण निराळे शोधिले पाहिजे.

४. वस्ती विरळ का राहिली

भंडारा व गडचिरोली या दोन्ही भागांवर पाऊस जवळपास सारखा पडतो व दोन्हीकडे मुख्य पीक धान आहे. मग एकीकडे २९४ व दुसरीकडे ७४ असे का? त्याची पाच कारणे सांगता येतात.

पहिले कारण जमिनीचे. धानास पाऊस पडून जाऊन चालत नाही, पाणी बांधीत थांबावे लागते. भंडाऱ्याच्या सखल जमिनीवर कोहळी समाजाच्या लोकांनी गोंड राजांच्या काळापासून तलाव बांधिले. पाऊस दगा देई त्या वर्षी तलावाचे पाणी पीक राखी. पुढे हेच तलाव मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेले व आजही भंडाऱ्यास तलावांचा जिल्हा म्हणतात. जेथे पीक खात्रीचे तेथे गाव मोठे होते. गडचिरोलीच्या पश्चिम पट्ट्यात असे तलाव झाले, म्हणून तेथे वस्तीही आहे. पूर्वेच्या डोंगरउतारावर तलावास जागा थोडी व माती पातळ. तेथे रान तोडून, जाळून, दोन-तीन वर्षे पीक घेऊन जागा बदलण्याची रीत होती. अशा शेतीस माणशी जमीन पुष्कळ लागते, म्हणून गावे लहान व एकमेकांपासून दूर राहिली.

दुसरे कारण हिवतापाचे. दाट रान, ओढे व डबकी यांमुळे हा मुलूख हिवतापाकरिता फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे व महाराष्ट्रातील या रोगाचे ओझे मोठ्या प्रमाणावर याच जिल्ह्याने वाहिले आहे. बाहेरून येणारा माणूस एका पावसाळ्यानंतर परत फिरे. व जे तेथलेच त्यांची लेकरे दगावत.

तिसरे कारण वाटांचे. भंडाऱ्यातून नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग १८८० नंतरच्या काही वर्षांतच गेला, तुमसर भागात मँगनीजच्या खाणी निघाल्या, धान गिरणीत व बाजारात जाऊ लागले. गडचिरोली जिल्ह्यास मात्र दीर्घ काळपर्यंत एका वडसा स्थानकावरच समाधान मानावे लागले. तेथून गोंदिया-चंद्रपूर लोहमार्ग जातो. जिल्ह्याच्या गावापासून सिरोंचा सुमारे दोनशे किलोमीटर दूर, भामरागड दीडशेहून अधिक. व वाटेत अनेक नदी-नाले.

चौथे कारण कायद्याचे. इंग्रज सरकारने १८७८ च्या व पुढे १९२७ च्या जंगलकायद्याने रानाचे मोठमोठे भाग राखीव केले. राखीव रानात नवे गाव बसविणे, नांगर घालणे यांस मनाई झाली. याखेरीज अहेरीसारख्या विस्तीर्ण जमीनदाऱ्या या भागात होत्या. त्या १९५१ साली बरखास्त झाल्या. त्यामुळे मैदानी जिल्ह्यांत जशी शेतजमीन वाढत गेली तशी ती येथे वाढू शकली नाही.

पाचवे कारण अलीकडील काळातील. १९८० च्या सुमारास शेजारच्या आंध्र प्रदेशातून नक्षलवादी टोळ्या या रानात शिरल्या. त्यापुढील चार दशकांत पोलीस, गावकरी व त्या टोळ्यांतील माणसे अशा शेकडो लोकांचे प्राण गेले. रस्त्याची, पुलाची व शाळेची कामे थांबली, व मधल्या मधे गावकऱ्यास दोन्ही बाजूंचे भय सोसावे लागले.

५. विरळ म्हणजे रिकामे नव्हे

विरळ वस्तीचा मुलूख पाहून परका मनुष्य असे म्हणतो की, येथे जमीन पुष्कळ, माणसे थोडी, तेव्हा येथील लोकांस काय कमी आहे? किंवा असेही म्हणतो की, ही जमीन रिकामीच आहे, ती हवी त्याने घ्यावी. हे दोन्ही विचार चुकीचे आहेत, हे साध्या हिशेबाने दाखविता येते.

जिल्ह्याच्या १४,४१२ चौरस किलोमीटरांतून शेकडा ७६ या प्रमाणाने वनजमीन वजा केली तर सुमारे ३,४६० चौरस किलोमीटर उरतात. पावणेअकरा लाख माणसांना या उरलेल्या जमिनीवर मांडिले तर दाटी ३१० च्या घरात जाते. म्हणजे भंडाऱ्याच्या २९४ या आकड्याहून ती थोडी जास्तच होते! भंडाऱ्यातही वन आहे व ते वजा केले तर आपलाही आकडा वाढेल, हे खरे. तरी एवढे निश्चित की, नकाशावर ओसाड दिसणाऱ्या मुलखात माणसाच्या नांगराला मिळणारी जमीन विपुल नाही.

आणि वजा केलेले रान तरी रिकामे कोठे आहे? उन्हाळ्याच्या तोंडी मोहफुले वेचावयाची, एप्रिल-मे महिन्यांत तेंदूपत्ता तोडून त्याचे पुडे बांधावयाचे व फळीवर नेऊन द्यावयाचे, बांबू तोडावयाचा, मध, कंद, डिंक व औषधी मुळ्या आणावयाच्या, ओढ्यात मासे धरावयाचे. वर्षातील कित्येक महिन्यांची भाकर या रानातूनच येते. वाळवंटातील धनगर ज्याप्रमाणे मैलोगणती फिरून मेंढरे जगवितो व ती सारी वाट त्याची चराऊ जमीन असते, त्याचप्रमाणे रानातील लहान गावास त्याच्या भोवतीचे मोठे रान हे शेतासारखेच असते. तेथे कुंपण नाही म्हणून ते कोणाचेच नाही असे नव्हे.

ही गोष्ट कायद्याने मान्य होण्यास फार दिवस लागले. २००६ साली वनहक्कांचा कायदा झाला व गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या रानावर त्या गावाचा सामूहिक हक्क असू शकतो, असे त्यात ठरले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड लोकांचे लहानसे गाव, शंभराच्या आतबाहेर घरांचे. त्यास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर रानावर असा हक्क मिळाला. देशात ज्या गावांस हा हक्क प्रथम मिळाला त्यांत ते मोडते. २०११ साली तेथील बांबू वाहून नेण्याचे परवाने ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. पूर्वी जे लोक त्याच रानात मजुरीने बांबू तोडीत, ते आता त्याचे विक्रेते झाले. गावातील सर्वांनी एकत्र बसून, एकमताने निर्णय करण्याची सवय त्या गावाने या हक्काच्या आधी पुष्कळ वर्षे लावून घेतली होती, म्हणून हा हक्क त्यास पेलला, हेही शिकण्यासारखे आहे.

६. तेथे राहणारी माणसे

गडचिरोलीत शंभर माणसांमागे सुमारे अकराच माणसे शहरात राहतात. बाकी सारी खेड्यांत. शंभरांत सुमारे एकोणचाळीस माणसे अनुसूचित जमातींची आहेत. गोंड लोक सर्वत्र आहेत. भामरागड व एटापल्ली या भागांत माडिया लोकांची वस्ती आहे. महाराष्ट्रात ज्या तीन जमाती अत्यंत मागे राहिलेल्या म्हणून सरकारने वेगळ्या नोंदिल्या आहेत, त्यांत माडिया गोंड ही एक होय, व इतर दोन कातकरी व कोलाम. दक्षिणेस सिरोंच्याकडे घराघरांत तेलुगू बोलतात. पूर्वेस छत्तीसगडी ऐकू येते. चामोर्शी व मुलचेरा या तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावे वसविण्यात आली, व तेथे आजही बंगाली चालते. म्हणजे थोडी माणसे, पण भाषा अनेक : गोंडी, माडिया, मराठी, हिंदी, तेलुगू, छत्तीसगडी व बंगाली.

लोकसंख्या वाढतही आहे. १९९१ साली ती ७,८७,०१० होती, २००१ साली ९,७०,२९४ झाली व २०११ साली १०,७२,९४२. आकड्यांकडे पाहून कोणी म्हणेल की वाढ झाली, तेव्हा सर्व ठीक आहे. पण किती माणसे आहेत याबरोबरच ती कशी जगतात हेही पाहिले पाहिजे. त्याचा विचार पुढील भागात करू.

७. अंतराचा हिशेब

सरकार दवाखाना, शाळा व रस्ता देते ते बहुधा डोकी मोजून देते. मैदानी भागात ३०,००० माणसांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, व डोंगराळ आणि आदिवासी भागात २०,००० माणसांमागे एक असावे, असे प्रमाण ठरलेले आहे. वरवर पाहता ही मोठी सवलत दिसते. आता पाटी घेऊन गणित करावे.

भंडाऱ्याची दाटी २९४. तेथे ३०,००० माणसे सुमारे १०२ चौरस किलोमीटरांत राहतात. म्हणजे दहा किलोमीटर लांब व दहा किलोमीटर रुंद एवढा चौकोन. दवाखाना मध्यभागी असेल तर कडेच्या गावास सरळ वाटेने पाच-सात किलोमीटर जावे लागेल. गडचिरोलीची दाटी ७४. तेथे २०,००० माणसे सुमारे २७० चौरस किलोमीटरांत पसरलेली आहेत, म्हणजे सोळा किलोमीटरांहून मोठ्या बाजूचा चौकोन. आणि डोंगरात जेथे दाटी २० इतकीच असेल, तेथे तेवढ्याच माणसांकरिता १,००० चौरस किलोमीटर लागतील. त्या चौकोनाची बाजू जवळजवळ बत्तीस किलोमीटर होते. कडेच्या गावच्या बाळंतिणीस खाटेवर घालून सोळा ते बावीस किलोमीटर न्यावे लागेल, तेही नाला भरला नसेल तर! २०१९ च्या पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडची वाट एकदा नव्हे, अनेक वेळा बंद पडली. यावरून असे दिसते की, विरळ वस्तीत डोक्यांचे प्रमाण एक-तृतीयांशाने कमी केले तरी अंतर कमी होत नाही, उलट वाढलेलेच राहते.

मतदारसंघाचेही तसेच. भंडारा जिल्ह्यातून विधानसभेस तीन आमदार निवडून जातात : तुमसर, भंडारा व साकोली येथून. गडचिरोलीतूनही तीनच जातात : आरमोरी, गडचिरोली व अहेरी येथून. माणसांच्या हिशेबाने हे न्याय्य आहे. परंतु गडचिरोलीच्या एका आमदाराच्या वाट्यास सरासरीने सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर मुलूख येतो. तो आपल्या सबंध भंडारा जिल्ह्याहून मोठा आहे. इतक्या मुलखातील शेवटच्या पाड्याचे गाऱ्हाणे ऐकावयास कोण व किती वेळा जाईल?

या अडचणीवर तेथे काही माणसांनी जे उपाय शोधिले ते विचार करण्याजोगे आहेत. १९७३ साली बाबा आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश व सूनबाई डॉ. मंदाकिनी यांनी तेथेच राहून माडिया लोकांकरिता दवाखाना व शाळा चालविली. २००८ साली त्या दोघांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हा पहिला मार्ग : वैद्याने दूरच्या रानात जाऊन राहावयाचे.

दुसरा मार्ग डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने दाखविला. १९८६ साली त्यांनी गडचिरोलीत काम आरंभिले. त्यांच्या ध्यानात आले की, जन्मल्यापासून पहिल्या महिन्यातच पुष्कळ अर्भके दगावतात, व त्यांस घेऊन दवाखान्यापर्यंत पोहोचणे आईबापांस घडत नाही. तेव्हा त्यांनी गावातल्याच बायकांस शिकवून तयार केले. बाळाचे वजन घेणे, त्यास ऊब देणे, श्वास मोजणे, आजाराची खूण ओळखणे व ठरलेले औषध देणे, एवढे काम या बायका घरोघर जाऊन करू लागल्या. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे फळ प्रसिद्ध झाले. ज्या ३९ गावांत हे काम झाले तेथे तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालकांचे मृत्यू, ज्या गावांत ते झाले नाही त्यांच्या तुलनेने, निम्म्याहून अधिक घटले. पुढे २०११ साली भारत सरकारने घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचे काम देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात घातले. भंडाऱ्याच्या खेड्यात आज आशाताई नव्या बाळाचे वजन घ्यावयास दारी येते, त्या पद्धतीचे मूळ या विरळ वस्तीच्या रानात आहे. जेथे रोग्यास दवाखान्यापर्यंत नेता येत नाही, तेथे दवाखान्याचे ज्ञान रोग्याच्या घरापर्यंत नेता येते, हा त्यातील बोध होय.

८. या पाठाचे सार

वाळवंटात माणसे विरळ असतात ती पाण्याच्या अभावी. रानात ती विरळ राहिली ती पातळ माती, हिवताप, वाटांचा अभाव, राखीव रानाचे कायदे व अलीकडील हिंसाचार यांमुळे. दोन्ही ठिकाणी थोड्या माणसांस जगावयाला पुष्कळ जमीन लागते. म्हणून तेथील मोकळी दिसणारी जमीन खरोखर मोकळी नसते. दोन्ही ठिकाणी माणसाचा मोठा शत्रू अंतर हा आहे.

आपल्याकडे गडचिरोलीस बदली झाली म्हणजे शिक्षा झाली असे म्हणण्याची रीत पडली आहे. ज्या पावणेअकरा लाख लोकांचे ते घर आहे त्यांच्या कानी हे शब्द कसे पडत असतील, याचा विचार करावा. शिक्षा समजून आलेला शिक्षक सुटीची वाट पाहतो, व मुलांचे वर्ष फुकट जाते. शेजार समजून गेलेला शिक्षक त्यांची बोली शिकतो. दाटी ७४ असो की २९४, वर्गात बसलेले मूल एकेकटेच शिकते व तापाने फणफणलेले लेकरू आपल्या आईस एकुलतेच असते. आकडे शिकावे ते माणसे कोठे व कशी राहतात हे कळण्याकरिता; थोडी आहेत म्हणून त्यांस विसरण्याकरिता नव्हे.

अभ्यासाकरिता प्रश्न

(उपदेशक बंधूंनी व शिक्षकांनी हे प्रश्न रात्रीच्या वर्गात विचारावे. शक्य तर पुढे जिल्ह्याचा नकाशा ठेवावा.)

१. वस्तीची दाटी कशी काढतात? आपल्या गावाची लोकसंख्या व क्षेत्रफळ तलाठ्याकडे विचारून गावाची दाटी काढा.

२. वैनगंगेस पुढे कोणती नदी मिळते? त्यानंतर तिचे नाव काय होते? ती शेवटी कोणत्या नदीस मिळते?

३. बिकानेर व गडचिरोली यांची दाटी जवळजवळ सारखी आहे. दोहोंची कारणे सारखी आहेत काय?

४. भंडाऱ्यात तलावांमुळे वस्ती कशी वाढली ते सांगा. आपल्या गावच्या तलावाची किंवा बोडीची आज काय स्थिती आहे? गाळ केव्हा काढला होता?

५. ‘रान’ व ‘अरण्य’ हे शब्द सीनायच्या मुलखाविषयी वाचताना श्रोत्यांस कोणते चित्र समजावून सांगावे?

६. वनजमीन वजा करून गडचिरोलीची दाटी काढली असता ती सुमारे ३१० होते. यावरून ‘तेथे जमीन पुष्कळ आहे’ या म्हणण्यास काय उत्तर द्याल?

७. आपल्या गावापासून आरोग्य केंद्र किती किलोमीटरांवर आहे? पावसाळ्यात वाट बंद होते काय? होत असल्यास गावाने मिळून काय करता येईल, याचा विचार करा.